सुरीच्या आधीचे चोवीस तास

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे करीला, मराठवाड्यातल्या अनेक गावांत मटणाचे वाटे पडतात. दहा-बारा घरं मिळून बोकड ठरवतात. तो सकाळी कापला जातो आणि पळसाच्या पानांवर, आता बहुतेक ठिकाणी प्लास्टिकच्या कागदावर, सारखे वाटे मांडले जातात. प्रत्येक वाट्यात थोडी मांडी, थोडी फासळी, कलेजीचा तुकडा, वजडी. वाटा उचलताना बोलणं होतं ते बोकडाच्या वयाचं, चरबीचं आणि भावाचं. हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यात, साखऱ्यासारख्या गावात, मटणाची पारख अशीच होत आली आहे आणि ती चुकीची नाही. वय, जात आणि चारा यांवर मटण ठरतंच. पण त्या जनावराचा शेवटचा दिवस कसा गेला, हे वाटा उचलताना कोणी विचारत नाही. ते कुठून आणलं, किती तास उभं होतं, पाणी प्यायलं का, दुसरं जनावर कापलेलं त्यानं पाहिलं का, मान कापण्याआधी ते शुद्धीत होतं का? हे प्रश्न दयेचे आहेत, तसेच ताटातल्या तुकड्याचेही आहेत. या लेखात मला एक गोष्ट पुराव्यानिशी मांडायची आहे. कापण्याआधी जनावर बेशुद्ध केलं की नाही, एवढ्यावरून मटणाचा दर्जा ठरतो असं दोन्ही बाजूंनी सांगितलं जातं, आणि ते खरं नाही. दर्जा ठरतो तो त्याआधीच्या चोवीस तासांत आणि त्यानंतरच्या काही तासांत. बेशुद्ध करण्याचं समर्थन करायचं तर ते जनावराच्या वेदनेच्या मुद्द्यावर करायला हवं. चवीची खोटी हमी देऊन ते करू नये.

जगभरच्या कत्तलखान्यांत ज्याला स्टनिंग म्हणतात, ते म्हणजे मान कापण्याआधी जनावराचा मेंदू क्षणात बधिर करणं. मेंढ्या-शेळ्यांसाठी मुख्यतः दोन मार्ग आहेत. पहिला विजेचा. चिमट्यासारखं साधन डोक्याच्या दोन्ही बाजूंना, डोळा आणि कानाच्या मध्ये, लावून काही सेकंद प्रवाह सोडतात. युरोपीय संघाच्या 2009 च्या नियमांत मेंढी आणि शेळी या दोन्हींसाठी हा प्रवाह किमान 1 अँपिअर असावा असं ठरवलं आहे. त्यापेक्षा कमी प्रवाहात जनावर बेशुद्ध न होता नुसतं जखडलं जाण्याचा धोका असतो, आणि ते तर सगळ्यात वाईट. लोकर विजेला अडवते, म्हणून चिमट्याची टोकं ओली करून कातडीला भिडवावी लागतात. घोंगडीची जाड लोकर देणाऱ्या आपल्या दख्खनी मेंढीच्या बाबतीत तर ही काळजी आणखी घ्यावी लागेल. दुसरा मार्ग बोल्ट पिस्तुलाचा. काडतुसाच्या किंवा दाबलेल्या हवेच्या जोरावर पोलादी दांडा कवटीवर आदळतो. शिंगं असलेल्या जनावराला समोरून मारून चालत नाही. शिंगांच्या मागून हनुवटीच्या दिशेनं नेम धरावा लागतो. कार्बन डायऑक्साइडच्या कक्षात बेशुद्ध करण्याचा तिसरा मार्ग डुकरांसाठी जास्त वापरला जातो. कोकरांवर त्याचे प्रयोग झाले आहेत, पण शुद्ध जाईपर्यंत जनावर गुदमरतं, त्यामुळे त्याला दयाळू म्हणणं मला अवघड वाटतं.

मटणावर या सगळ्याचा परिणाम कसा होतो, हे कळायला स्नायूच्या आत काय घडतं ते आधी पाहावं लागेल. जिवंत जनावराच्या स्नायूत ग्लायकोजन नावाची साखर साठवलेली असते. धावताना, घाबरताना, थंडीत कुडकुडताना ती खर्च होते आणि खाऊन, विसावून पुन्हा भरते. जनावर मेल्यावर रक्त थांबतं, प्राणवायू संपतो, पण स्नायू लगेच मरत नाही. तो उरलेलं ग्लायकोजन प्राणवायूशिवाय जाळत राहतो आणि त्यातून लॅक्टिक आम्ल तयार होतं. जिवंतपणी स्नायूचा सामू, म्हणजे pH, 7 च्या जरासा वर असतो. तो हळूहळू उतरतो आणि चांगल्या मटणात 5.5 ते 5.8 च्या आसपास स्थिरावतो. ही आम्लता फार मोलाची असते. तिच्यामुळे मटणाला उजळ रंग येतो, जंतूंची वाढ मंदावते आणि चवीला धार येते. जनावर थकून, उपाशी राहून, भेदरून सुरीखाली आलं असेल, तर साठा आधीच संपलेला असतो. मग आम्ल तयार होत नाही आणि सामू 6 च्या वरच राहतो. असं मटण काळपट दिसतं, हाताला चिकट लागतं, पाणी धरून ठेवतं आणि लवकर खराब होतं. ग्राहक ते पाहून ‘म्हातारा बोकड दिसतोय’ म्हणतो. बोकड कदाचित वर्षाचाही नसेल; तो फक्त दमलेला असेल.

म्हणूनच माझ्या मते या विषयातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य स्टनिंगच्या यंत्राविषयी नाही, विश्रांतीविषयी आहे, आणि ते आपल्या देशाच्या नियमांत लिहिलेलं आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्याखाली 2001 मध्ये कत्तलखान्यांचे नियम आले. पशुवैद्यकानं तपासलेल्या जनावराला कापण्यापूर्वी 24 तास विश्रांती द्यावी, असं त्यांत म्हटलं आहे. एका जनावरासमोर दुसरं कापू नये, असंही म्हटलं आहे. पशुवैद्यकानं तासाला 12 हून जास्त आणि दिवसाला 96 हून जास्त जनावरं तपासू नयेत, अशी मर्यादाही आहे. म्हणजे तपासणी नावापुरती उरू नये. हे नियम वाचताना जाणवतं की दयेची आणि दर्जाची वाट इथे एकच आहे. विसावलेल्या, पाणी प्यायलेल्या जनावराचे स्नायू साखरेनं भरलेले असतात. पाणी मिळालेलं असेल तर कातडी सोलायलाही सोपी जाते. बाजारातून टेंपोत दाटीवाटीनं भरून आणलेली, मे महिन्यातल्या मराठवाड्याच्या उन्हात तासन्‌तास उभी असलेली, अनोळखी कळपात एकमेकांना ढुशा देणारी बोकडं या दोन्ही कसोट्यांवर नापास होतात. 1978 च्या प्राणी-वाहतूक नियमांत शेळ्यामेंढ्यांसाठी वेगळं प्रकरण आहे, पण ते 6 तासांहून लांबच्या प्रवासाला लागू होतं. आठवडी बाजार ते गाव हा प्रवास बहुधा त्याहून छोटा असतो. त्या दोन-तीन तासांकडे मग कोणाचंच लक्ष जात नाही.

आता स्टनिंगचा स्वतःचा परिणाम पाहू. विजेनं बेशुद्ध झालेलं जनावर आधी ताठ होतं, मग पाय झाडतं. हे झाडणं वेदनेचं नसतं; मेंदूत अपस्मारासारखी स्थिती निर्माण झालेली असते. पण स्नायू आकुंचन पावतात, साखर भराभर जळते, म्हणून पहिल्या तासात सामू वेगानं उतरतो. स्पेनमध्ये मांचेगा जातीच्या कोकरांवर विजेची, वायूची आणि बेशुद्धीविना अशा पद्धतींची तुलना झाली. पद्धतीपद्धतींतला फरक मुख्यतः या सुरुवातीच्या तासांत दिसतो, दुसऱ्या दिवसापर्यंत तो बराच विरतो. विजेचा खरा दोष वेगळा आहे. प्रवाह जाताच रक्तदाब उसळतो, स्नायू जोरानं आवळतात आणि बारीक रक्तवाहिन्या फुटतात. मटणात लाल ठिपके उठतात. मेंढीच्या कोकरांत हे विशेष दिसतं. त्यावर उपाय आहे, पण तो यंत्रात नाही, माणसाच्या हातात आहे. बेशुद्ध केल्यावर 15 सेकंदांच्या आत, जितकं लवकर जमेल तितकं, मान कापायची; म्हणजे दाब उतरतो आणि ठिपके कमी होतात. उशीर झाला तर दुहेरी नुकसान होतं, कारण फक्त डोक्याला दिलेल्या विजेची बेशुद्धी अर्ध्या-एक मिनिटात उतरू लागते आणि जनावर शुद्धीवर येऊ शकतं. बोल्ट पिस्तुलात पाय झाडणं अधिक असतं आणि कवटीत शिरणारा दांडा मेंदूचा नाश करतो. जिथे भेजाला वेगळा भाव आहे, मुंडी हातोहात विकली जाते, तिथे खाटीक ही पद्धत का नाकारेल हे समजण्यासारखं आहे. थोडक्यात, नीट केलेलं स्टनिंग मटणाला फारसं बिघडवत नाही, वाईट केलेलं मात्र नक्की बिघडवतं.

सर्वांत जुना आणि मनापासून घेतला जाणारा आक्षेप रक्ताचा आहे. बेशुद्ध केल्यावर रक्त पूर्ण निघत नाही, ते मटणात साठतं, म्हणून मटण लवकर नासतं, असं मानणारे पुष्कळ आहेत. ही शंका हसण्यावारी नेण्यासारखी नाही, कारण तिच्यामागे स्वच्छतेची काळजी आहे. पण मोजमाप काय सांगतं? ब्रिस्टल विद्यापीठातले हालुक अनिल आणि त्यांचे तुर्कस्तानातले सहकारी यांनी 2004 मध्ये नेमकी हीच तुलना मेंढ्यांवर केली. एका गटाची मान बेशुद्ध न करता मुस्लिम पद्धतीनं कापली, दुसऱ्या गटाला डोक्याला वीज दिली, तिसऱ्याला बोल्ट मारला. निघालेल्या रक्तात आणि मांसाच्या दर्जाच्या मापांत गटागटांमध्ये दखल घेण्याजोगा फरक आढळला नाही. शरीरशास्त्र पाहिलं तर यात आश्चर्य नाही. फक्त डोक्याला वीज दिली तर हृदय चालूच राहतं. शिवाय मान कापल्यावर रक्त वाहतं ते बरंचसं दाबामुळे आणि उतारामुळे; हृदयानं ते शेवटच्या थेंबापर्यंत उपसावं लागत नाही. मुळात कोणत्याही पद्धतीनं सगळं रक्त निघत नाहीच. साधारण निम्मं बाहेर येतं, उरलेलं बहुतेक कलेजी, फुप्फुस, प्लीहा यांत राहतं, स्नायूत अगदी थोडं. मटणाचा लालपणाही मुख्यतः रक्ताचा नसतो, तो स्नायूतल्या मायोग्लोबिन या रंगद्रव्याचा असतो. आणि रक्त हेच विष असतं तर महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत रक्ती चवीनं खाल्ली गेली नसती. मटण नासतं ते वाढलेल्या सामूमुळे, घाणेरड्या पाण्यामुळे, फाटलेल्या आतड्यामुळे आणि उन्हामुळे.

दुसऱ्या बाजूचा दावा असा की एका घावात मान उडवलेल्या, म्हणजे झटक्याच्या मटणाला चव जास्त, कारण जनावराला भीती वाटायला वेळच मिळत नाही. मार्च 2025 मध्ये झटका मटणाच्या दुकानांसाठी ‘मल्हार’ नावाच्या प्रमाणपत्राची घोषणा झाल्यापासून राज्यात हा वाद पुन्हा तापला. मला इथे दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली शास्त्राची. भीती घावाच्या क्षणी सुरू होत नाही. ती जनावराला कळपातून ओढून काढताना, पाय बांधताना, रक्ताचा वास येताना सुरू होते. स्नायूतली साखर तेव्हाच जळते. अर्धा दिवस उन्हात उभं ठेवून झटका दिला तरी मटण दमलेल्या जनावराचंच असणार. डोकं वेगळं झाल्यावरही मेंदूतली हालचाल काही सेकंद टिकते असं प्राण्यांवरच्या मापनांत दिसलं आहे. त्यामुळे ‘क्षणात वेदना संपली’ हेही तितकंसं सरळ नाही. दुसरी गोष्ट गावाच्या इतिहासाची. महाराष्ट्रातल्या गावगाड्यात मुलाणी हा वतनदार होता आणि गावासाठी बकरा हलाल करणं हे त्याचं काम होतं. ते मटण मराठा, माळी, धनगर अशी सगळी घरं पिढ्यान्‌पिढ्या खात आली. मटणाच्या पद्धतीवरून घरं वेगळी करणं ही आपल्या गावांची जुनी रीत नव्हती. आपल्याकडचे निर्बंध वेगळ्याच प्रकारचे असत. बोल्हाईचे भक्त शेळीचं मटण वर्ज्य मानतात, मेंढीचंच खातात. तो देवीशी जोडलेला नेम आहे, कुणाविरुद्धचा नव्हे.

दयेची भाषा द्वेषासाठी वापरली गेल्याचं उदाहरण युरोपातही आहे, आणि ते लक्षात ठेवणं गरजेचं वाटतं. स्वित्झर्लंडमध्ये 1893 मध्ये जनमत घेऊन बेशुद्ध न करता कापण्यावर बंदी आली. त्या मोहिमेत प्राणिप्रेमी होते, तसेच ज्यूद्वेष्टेही होते. जर्मनीत नाझी सत्तेवर आल्यावर काही महिन्यांत, एप्रिल 1933 मध्ये, असाच कायदा झाला. म्हणून एखादा समाज स्टनिंगकडे संशयानं पाहतो तेव्हा तो हट्टीपणाच असतो असं नाही; त्याच्या मागे आठवण असते. पण त्यातून हा प्रश्नच सोडून द्यावा असंही ठरत नाही. न्यूझीलंडनं यातून वाट काढली. तिथे व्यावसायिक कत्तलीत बेशुद्ध करणं बंधनकारक आहे, आणि तिथल्या मेंढ्यांचा फार मोठा हिस्सा हलाल पद्धतीनं कापला जातो. हे दोन्ही एकत्र जमतं ते डोक्यापुरत्या विजेमुळे. त्यात जनावर मरत नाही. न कापलं तर उठून चालू लागतं. कापताना जनावर जिवंत असलं पाहिजे ही धर्माची अट आणि शुद्धीत नसावं ही दयेची अट, दोन्ही पाळल्या जातात. सर्व उलेमांना हे मान्य आहे असं नाही. पण वीज आणि हलाल एकमेकांचे वैरी आहेत, हे मात्र या उदाहरणावरून खोटं ठरतं.

इथे विचारी वाचक विचारेल : मटणात फरकच पडत नसेल, तर बेशुद्ध करायचं कशाला? हा प्रश्न योग्य आहे आणि त्याचं उत्तर स्वच्छ द्यायला हवं : जनावरासाठी. मेंढीच्या मेंदूला रक्त पोचतं ते मुख्यतः गळ्यातल्या दोन मोठ्या धमन्यांतून. धारदार सुरीनं दोन्ही एकदम कापल्या तर साधारण 10 ते 15 सेकंदांत मेंदूची प्रतिसाद देण्याची शक्ती जाते. गायीबैलांत मणक्यातल्या धमन्याही मेंदूला रक्त देत राहतात, म्हणून त्यांना पुष्कळ जास्त वेळ लागू शकतो. शेळीमेंढीच्या बाबतीत निसर्गानंच वेदनेचा काळ आखूड ठेवला आहे, हे झटका आणि हलाल या वादात क्वचितच सांगितलं जातं. पण आखूड म्हणजे शून्य नव्हे. न्यूझीलंडच्या मॅसी विद्यापीठात 2009 च्या सुमारास क्रेग जॉन्सन आणि सहकाऱ्यांनी हलकी भूल दिलेल्या वासरांच्या मेंदूचे आलेख घेतले. मान कापल्यावर वेदनेचे संकेत त्यांत उमटले आणि बोल्टनं बेशुद्ध केल्यावर ते थांबले. ही वासरं होती, कोकरं नव्हेत. पण कापलेली कातडी आणि मज्जातंतू दोघांचे सारखेच. 10-15 सेकंद हा काळ आपल्या घड्याळात छोटा आहे. ज्याची मान कापली गेली आहे त्याच्या लेखी तो छोटा आहे असं म्हणण्याचा अधिकार मला तरी वाटत नाही. सुरी बोथट असेल, एकच धमनी कापली गेली, तर हा काळ लांबतो. म्हणून जिथे वीज नाही, पिस्तूल नाही, तिथे सुरीची धार आणि एका ओढीत होणारा काप हीच दया आहे, आणि ती आजही कोणाच्याही हातात आहे.

आणखी एक आक्षेप गावाकडून येतो आणि तो सगळ्यांत वजनदार आहे. ही सगळी शास्त्रं शीतगृहातल्या मांसाची. आमच्याकडे आठला कापलेला बोकड अकराला चुलीवर असतो. आम्हाला सामू आणि चोवीस तास कशाला? यात खरंच तथ्य आहे. मेल्यावर काही तासांत स्नायू अकडतो, आणि उन्हाळ्यात हे लवकर होतं. अकडण्याआधी शिजवलेलं मटण मऊ लागतं. अकडलेलं सर्वांत चिवट लागतं. नंतर स्नायूतलीच विकरं धागे सैल करतात आणि थंड जागी दोन-तीन दिवस टांगलेलं मटण पुन्हा मऊ होतं. म्हणजे वाटे पडले की लगेच शिजवणारी जुनी पद्धत अकडण्याच्या आत काम उरकत होती. तिचं शास्त्र कुणी लिहून ठेवलं नव्हतं, पण जिभेला ते ठाऊक होतं. बिघाड झाला तो फ्रीज आल्यावर. न्यूझीलंडमध्ये लॉकर आणि हॅगयार्ड यांनी 1963 मध्ये बैलाच्या स्नायूंवर दाखवलं की ताजा, अजून न अकडलेला स्नायू एकदम थंड केला तर तो आखडून बसतो. सर्वांत कमी आखडतो तो 15 अंशांच्या आसपास. त्याहून फार थंड किंवा फार गरम, दोन्ही वाईट. पुढे कोकराच्या मांसातही हेच दिसलं. निर्यातीची कोकरं गोठवल्यावर चिवट का होतात, याचं कोडं त्यातून सुटलं, आणि मग धडाला वीज देऊन सामू लवकर उतरवण्याचं तंत्र तिथे रुळलं. आपल्याकडे आता वाटा घरी येतो, अर्धा शिजतो आणि उरलेला तासाभराच्या आत बर्फाच्या कप्प्यात जातो. आठवड्यानं काढलेला तो अर्धा रबरासारखा लागला की दोष बोकडाला किंवा खाटकाला दिला जातो. तो वाटा पाच-सहा तास सावलीत, झाकून, हवेशीर जागी ठेवून मग गार करायला हवा होता. मे महिन्यात तेवढा वेळ बाहेर ठेवणं धोक्याचं; तेव्हा सगळं शिजवून टाकणं हेच शहाणपणाचं.

पण गावाच्या या आक्षेपालाही एक मर्यादा आहे. लगेच शिजवलं तर अकडण्याचा प्रश्न टळतो, दमलेल्या जनावराचा टळत नाही. वाढलेल्या सामूचं मटण पाण्यासारखं चवहीन लागतं, मसाल्यानं ते झाकलं जातं इतकंच. काळ्या मसाल्याचा रस्सा झणझणीत असतो. त्याखाली मटणाची स्वतःची चव किती उरली हे कळत नाही. शिवाय रविवारी दुकानात सकाळी सहाला कापलेला बोकड दुपारी दोनपर्यंत हुकाला लटकत असतो. त्या आठ तासांत आम्लाचं संरक्षण असलेलं आणि नसलेलं मटण यांत जंतूंच्या बाबतीत मोठं अंतर पडतं. उष्ण प्रदेशात, शीतगृहाविना, विश्रांतीचं मोल कमी होत नाही, ते वाढतं.

कायदा मात्र नेमका इथेच थांबतो. 2001 चे नियम ज्याला कत्तलखाना म्हणतात, तो दिवसाला 10 किंवा अधिक जनावरं कापणारा. परवानगीच्या कत्तलखान्याबाहेर कापू नये ही अटही नगरपालिका हद्दीपुरती आहे. म्हणजे मुंबईतलं देवनार या नियमांत येतं, साखऱ्यातला रविवारचा दोन बोकडांचा ओंडका येत नाही. बेशुद्ध करण्यासाठी ‘शक्य तितक्या लवकर’ वेगळी जागा करावी असं त्याच नियमांत आहे, पण शक्य कधी होणार याची तारीख नाही. आणि 1960 च्या कायद्याचं 28 वं कलम धर्मानं सांगितलेल्या पद्धतीनं केलेल्या वधाला गुन्ह्यातून वगळतं. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या चौकटीत छोट्या खाटकालाही नोंदणी करावी लागते. त्या नोंदणीचा अर्थ गावात फळी, जाळी आणि पाणी इतकाच लावला जातो. जनावराचा आदला दिवस त्यात कुठेच नसतो. 2019 च्या पशुगणनेत देशात 14.89 कोटी शेळ्या आणि 7.43 कोटी मेंढ्या मोजल्या गेल्या. यांतला केवढा तरी हिस्सा अशाच छोट्या ओंडक्यांवर संपतो. सगळी चर्चा मोठ्या कत्तलखान्यांची आणि सगळं मटण छोट्या दुकानांतलं, हा विसंवाद मला या विषयातला सगळ्यांत मोठा दोष वाटतो.

छोट्या खाटकाला विजेचं यंत्र परवडणार नाही, वीज भरवशाची नाही, हे खरं आहे. अर्धवट प्रवाहाचं यंत्र तर नसलेलंच बरं, हे वर आलंच आहे. म्हणून मी क्रम उलटा लावीन. आधी विश्रांती : रविवारचा बोकड शनिवारी दुपारी आणायचा, सावलीत बांधायचा, पाणी मोकळं ठेवायचं, चारा संध्याकाळपर्यंत द्यायचा. मग आडोसा, मग धार. त्यानंतर लगेच टांगणं, म्हणजे रक्त उतारानं निघतं आणि मटण मातीला लागत नाही. यंत्र सर्वांत शेवटी, आणि तेही एकट्या दुकानाचं नको. सेनगावसारख्या तालुक्याच्या गावी सामायिक कत्तलघर असावं, तिथे शिकलेला माणूस, तपासलेला चिमटा आणि पशुवैद्यक असावा. परभणीचं पशुवैद्यकीय महाविद्यालय हिंगोलीपासून लांब नाही, आणि परभणी हाच 1999 पर्यंत हिंगोलीचा जिल्हा होता. ब्रिस्टलची मेंढी आणि मराठवाड्याची उस्मानाबादी शेळी यांचा स्नायू एकाच नियमानं चालत असला, तरी 42 अंशांच्या उन्हातला टेंपो ब्रिस्टलमध्ये नसतो. आपल्या उन्हातली, आपल्या जातीच्या शेळ्यांवरची मापनं अशा महाविद्यालयानं खाटकांसोबत घ्यावीत आणि ती मराठीत छापून दुकानांत लावावीत.

सर्वांत आधी हात घालायला हवा तो कंदुरीला. दर्ग्यावर, पिराला, देवीच्या जत्रेत नवसाची बोकडं एका दिवसात डझनांनी कापली जातात. नवस हिंदूंचेही असतात, मुसलमानांचेही. बोकडं सकाळपासून रांगेत बांधलेली असतात, पाण्याविना, आणि प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर त्याच्या पुढचा कापला जातो. ओढाताण होते, ओरड होते, सुरीला मध्ये धार लावायला वेळ मिळत नाही. शेवटी कापल्या जाणाऱ्या बोकडाचं मटण सर्वांत काळपट असणार, हे सामूच्या हिशोबानं सांगता येतं. इथे कोणाच्याही श्रद्धेला हात लावावा लागत नाही. रांग आणि सुरी यांच्यामध्ये बांबूला बांधलेली एक ताडपत्री, सावलीच्या बाजूला पाण्याची दोन घमेली, पाळीपाळीनं वापरायला दोन-तीन धार लावलेल्या सुऱ्या, आणि एका वेळी एकच बोकड पलीकडे नेणारा शांत माणूस : जत्रेची पंच मंडळी मांडवाचं सामान आणतात त्याच गाडीत हे सगळं येऊ शकतं.